तुमची जमीन किती पाणी धरते आणि त्यातलं पिकाला किती देते : घरच्या घरी मोजायची रीत

बांधाच्या अलीकडे काळी जमीन आणि पलीकडे मुरमाड, असं दख्खनच्या पठारावर जागोजाग दिसतं. पाऊस दोन्हीवर सारखाच पडतो. आठ-दहा दिवसांची उघडीप मिळाली की मुरमाडातलं पीक माना टाकतं, काळीतलं मात्र तीन आठवडे तग धरतं. संततधार लागली की चित्र उलटं होतं. मुरमाडात पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी कोळपं चालतं आणि काळीतलं पीक पिवळं पडायला लागतं. हे सगळं मातीच्या घडणीमुळे होतं आणि ते मोजता येतं. नव्याने शेतीत उतरणाऱ्याने मोटार, ठिबक आणि बियाणं यांवर पैसे घालण्याआधी हे मोजमाप करून घ्यावं. त्यासाठी कुदळ, चाळणी, काचेची बरणी, पाइपचा तुकडा, पत्र्याचा डबा, घरातला वजनकाटा आणि ओव्हन एवढं पुरतं. वेळ आठवडाभर लागतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. जमीन किती पाणी धरते हा एक आकडा आणि त्यातलं पिकाला किती मिळतं हा दुसरा. पहिला आकडा पाहून दुसरा गृहीत धरला की पाण्याचा सगळा हिशेब चुकतो.

माती पाणी धरते कशी

मातीत तीन आकारांचे कण असतात. ०.०५ ते २ मिमीपर्यंतची वाळू, त्याहून बारीक म्हणजे ०.००२ मिमीपर्यंतचा पोयटा आणि त्याच्याही खाली चिकण. पाणी कणांच्या अंगाला चिकटून राहतं आणि कणांमधल्या बारीक पोकळ्यांत अडकून राहतं. १ सेंमी बाजूचा दगडाचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंमी भरतो. त्याचे १ मिमीचे तुकडे केले तर ६० चौरस सेंमी. मिमीच्या हजाराव्या भागाएवढे तुकडे केले तर तोच दगड ६ चौरस मीटर होतो, मोठ्या पलंगाच्या चादरीहून जास्त. दगड वाढलेला नाही, पाण्याला चिकटायला जागा वाढली.

चिकणीचीही जात पाहावी लागते. काळ्या जमिनीतली चिकण बहुतांश स्मेक्टाइट खनिजाची असते. तिचे पापुद्रे ओलं झाल्यावर उघडतात आणि पाणी आतही शिरतं. तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ७००-८०० चौरस मीटरपर्यंत जातो. म्हणून काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कोकणातल्या जांभ्यातली चिकण केओलिनाइटची, तिचा पृष्ठभाग ग्रॅमला १०-२० चौरस मीटर. शिवाय लोहाच्या ऑक्साइडमुळे तिचे कण एकमेकांना धरून दाणेदार होतात आणि त्या दाण्यांमधून पाणी भराभर खाली जातं. कोकणात अडीच-तीन हजार मिमी पाऊस पडूनही कातळावरच्या नव्या आंबा-काजूच्या रोपांना फेब्रुवारीपासून पाणी घालावं लागतं ते यामुळे आणि मातीचा थर पातळ असल्यामुळे. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘चिकण ४५ टक्के’ असं वाचलं तर ती काळीतली की जांभ्यातली, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

भरपूर पाऊस झाला की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. त्यातलं मोठ्या पोकळ्यांतलं पाणी एक ते तीन दिवसांत खाली निचरून जातं आणि तिथे हवा येते. या अवस्थेला आपल्याकडे नेमका शब्द आहे, वाफसा. वाफशाला जमिनीत जे पाणी उरतं त्यातून मुळं ओढत जातात. शेवटी उरलेलं पाणी कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मुळांना ते सुटत नाही आणि रात्रीच्या गारव्यातही पीक उभारी धरत नाही. ही सुकण्याची हद्द. वाफसा आणि ही हद्द यांच्यामधलं पाणी तेवढं पिकाचं.

भारी काळ्या मातीच्या १ मीटर थरात वाफशाला साधारण ४२० मिमी पाणी असतं आणि पीक वाळतं तेव्हाही त्यातलं २५० मिमी तिथेच असतं. पिकाला मिळतात १७० मिमी. वाळूत वाफशाला १०० मिमी आणि सुकताना ५० मिमी, म्हणजे पिकाला ५० मिमी. मार्च महिन्यात काळीचं ढेकूळ फोडलं की आत ओल दिसते, पण पीक वाळलेलं असतं. ती ओल मातीची असते, पिकाची नव्हे.

पहिलं काम : खड्डा

बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा आणि पाण्याचा पाट सोडून खड्डा घ्या. ३ फूट लांब, २ फूट रुंद आणि ९० सेंमी खोल. त्याआधी मुरूम लागला तर तिथेच थांबा. रंग, उतार किंवा पिकाची वाढ वेगळी दिसते अशा प्रत्येक भागात एक खड्डा हवाच. एकाच खड्ड्यावरून पाच एकरांचा अंदाज बांधणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

खड्ड्याची उन्हाकडची बाजू खुरप्याने तासून साफ करा आणि टेप लावा. मुरूम किती सेंमीवर आहे, बारीक पांढरी मुळं कुठपर्यंत गेली आहेत, मातीचा रंग किंवा पोत कुठे बदलतो, हे लिहून ठेवा. १५-२० सेंमीवर मुळं आडवी वळलेली दिसली तर तिथे ट्रॅक्टरच्या फाळाखाली दाबला गेलेला घट्ट थर आहे. त्याखाली कितीही पाणी असलं तरी मुळं तिथे पोचत नाहीत. हिशेबात खोली धरायची ती मुळांना मोकळी असलेली.

खोलीच्या हिशेबाने, ३० सेंमीच्या आत मुरूम असेल तर जमीन हलकी, ६० सेंमीपर्यंत मध्यम, त्यापुढे भारी. रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारसही अशीच खोलीनुसार केली जाते. हलकीला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. कोरडवाहू ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते. हलक्या जमिनीतली ओल लवकर संपते, म्हणून तिथे लवकर तयार होणारा वाण लागतो.

दगडगोट्यांत पाणी साठत नाही, तेही वजा करावे लागतात. खड्ड्याशेजारी २० सेंमी लांब, रुंद आणि खोल असा चौकोनी खळगा काढा. त्याचं आकारमान ८ लिटर होतं. निघालेली सगळी माती ढेकळं फोडून २ मिमीच्या चाळणीने चाळा. वर राहिलेले खडे धुऊन काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडा आणि बाहेर सांडलेलं पाणी मोजा. २.४ लिटर सांडलं तर ३० टक्के भाग दगडांचा. निघालेली माती बादलीत भरून हा हिशेब करू नका. खणलेली माती फुलते आणि दगडांचं प्रमाण कमी दिसतं.

दुसरं काम : बरणीत माती

सरळ कडांची, १ लिटरची पारदर्शक बरणी घ्या. ० ते ३० आणि ३० ते ६० सेंमी या थरांतली माती वेगवेगळी वाळवा, ढेकळं फोडा आणि चाळा. बरणीचा तिसरा हिस्सा माती घालून पाऊण बरणीपर्यंत पाणी भरा. हे पाणी पावसाचं किंवा फिल्टरचं हवं. विहिरीच्या जड पाण्यात चिकणीचे कण गोळा होऊन लवकर खाली बसतात आणि जमीन आहे त्याहून हलकी वाटते. भांडी घासायचा द्रव साबण अर्धा चमचा टाका. चुनखडीच्या काळ्या मातीला साबण पुरत नाही, तिथे सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट या कण सुटे करणाऱ्या रसायनाची एक चमचा पूड घाला. काळी माती रात्रभर भिजू द्या, नाहीतर तिचे बारीक गोळे वाळूत मोजले जातात.

सकाळी बरणी १० मिनिटं जोरजोरात हलवा आणि सपाट जागी ठेवा. १ मिनिटाने तळाशी जेवढं बसलं ती वाळू, तिथे खूण करा. २ तासांनी दुसरी खूण, मधला थर पोयट्याचा. वरचं पाणी निवळेपर्यंत, म्हणजे निदान ४८ तासांनी, तिसरी खूण. दोन खुणांच्या मधल्या वेळात बरणी हलवली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

समजा खालून मोजल्यावर वाळू १८ मिमी, पोयटा २७ आणि चिकण ४५ भरली. एकूण ९० मिमी, म्हणजे वाळू २०, पोयटा ३० आणि चिकण ५० टक्के. ही चांगली भारी जमीन झाली. चिकणीचा थर पाणी पिऊन फुगलेला असतो, त्यामुळे बरणीत चिकण खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसते. ४० आणि ४५ टक्क्यांमधला फरक या चाचणीवर ठरवायला जाऊ नका. हलकी, मध्यम की भारी, एवढा निकाल ती खात्रीने देते.

ताबडतोब अंदाज हवा असेल तर लिंबाएवढी माती थोडं थोडं पाणी शिंपडत दोन-तीन मिनिटं मळा. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून दाबत पट्टी काढा. गोळाच होत नसेल तर वाळू. २.५ सेंमीच्या आत पट्टी तुटली तर पोयट्याची हलकी माती, ५ सेंमीपर्यंत गेली तर मध्यम, त्याहून लांब लोंबकळत राहिली तर भारी. वाळू करकरते, पोयटा पिठासारखा मऊ लागतो आणि चिकण बोटांना चिकटून बसते. मळायला आळस केला तर काळी माती दाणेदार वाटून फसवते.

तिसरं काम : पिकाचं पाणी किती ते काढा

वाफसा आणि सुकण्याची हद्द यांच्यामधलं पाणी, १ मीटर खोलीला मिलिमीटरमध्ये, साधारण असं धरा. वाळूत ५० ते ८०. वाळूमिश्रित पोयट्यात १०० ते १२०. पोयट्यात १४० ते १६०. भारी काळीत १५० ते २००. पोयटा आणि भारी काळी इथे जवळजवळ येतात, हे बघून नव्या माणसाला नवल वाटतं. काळी जास्त पाणी धरते, पण अडवूनही जास्त ठेवते. नदीकाठच्या गाळाच्या पोयट्याला शेतकरी इतकं मोल देतात ते याचमुळे. पाणी पुरेसं धरतो, सहज सोडतो आणि मुळांना हवाही देतो.

आता दोन शेतांचा हिशेब करू. पहिलं मुरमाड, खोली ३० सेंमी, माती वाळूमिश्रित पोयट्याची, दगड ३० टक्के. मीटरला १०० मिमी धरले तर ३० सेंमीला ३० मिमी, दगड वजा जाता २१ मिमी. दुसरं काळं, खोली ९० सेंमी, मीटरला १७० मिमी, म्हणजे १५३ मिमी. एकच पाऊस पडूनही एका शेताची टाकी दुसऱ्याच्या सातपट मोठी.

यातलं सगळं पाणी संपेपर्यंत थांबायचं नसतं. निम्मं संपलं की पिकाला ओढताना जड जायला लागतं आणि उत्पादन घटतं, म्हणून पाणी द्यायची वेळ निम्म्यावर. मुरमाडात साधारण १० मिमी, काळीत ७५ मिमी. वाढीला लागलेलं रब्बीचं पीक दिवसाला ५ मिमी वापरतं असं धरलं तर मुरमाडाला दर दोन दिवसांनी १० मिमी आणि काळीला पंधरा दिवसांनी ७५ मिमी. रोप लहान असताना मुळं २०-३० सेंमीतच असतात, तेव्हा काळीतही तेवढीच खोली धरून पाळ्या जवळ आणाव्या लागतात.

मिमीचे लिटर करणं सोपं आहे. १ एकरावर १ मिमी म्हणजे ४०४७ लिटर आणि १ गुंठ्यावर १०१ लिटर. मोटारीचं पाणी २०० लिटरच्या पिंपात धरून घड्याळ लावा. पिंप ४० सेकंदांत भरलं तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर. १ एकराला १० मिमी द्यायला ४०,४७० लिटर लागतात, म्हणजे सव्वादोन तास. पाटाने देताना शंभरातलं साठ लिटर पाणी मुळांशी पोचतं असं धरलं तर पावणेचार तास.

आणि इथेच मुरमाडाची खरी अडचण उघडी पडते. सरीने १० मिमी पाणी देताच येत नाही. पाणी सरीच्या शेवटाला पोचेपर्यंत वरच्या टोकाला मुरमात कितीतरी पट पाणी निघून जातं आणि सोबत युरियाही धुऊन नेतं. अशा जमिनीला ठिबक किंवा तुषार संच लागतोच. ठिबक नळीवर ड्रिपरमधलं अंतरही मातीवरच ठरतं. हलक्या जमिनीत थेंब सरळ खाली जातो, ओलावा गाजरासारखा अरुंद होतो, म्हणून ड्रिपर ३०-४० सेंमीवर. भारी जमिनीत तो कांद्यासारखा आडवा पसरतो, तिथे ५०-६० सेंमी चालतं.

चौथं काम : वाफसा वजनाने मोजा

वरचे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या शेताचा वाफशाचा आकडा मिळवायला पाच-सहा दिवस द्यावे लागतात. १ मीटर लांब-रुंद जागेला चारही बाजूंनी वरंबा करून त्यात थांबून थांबून २०० लिटर पाणी जिरवा. वर प्लास्टिक आणि त्यावर गवत घाला, म्हणजे बाष्पीभवन होणार नाही. हलक्या जमिनीत एक दिवस, मध्यम जमिनीत दोन, काळीत तीन ते चार दिवस थांबा.

५ सेंमी आतला व्यास आणि ५ सेंमी उंची असलेला लोखंडी पाइपचा तुकडा घ्या, एका कडेला धार लावून. त्याचं आकारमान ९८ घन सेंमी. वरची १० सेंमी माती काढून तो लाकडी फळीच्या ठोक्याने सरळ आत घाला, भोवतालची माती खणून अलगद बाहेर काढा आणि दोन्ही तोंडं सुरीने सपाट कापा. आतली माती वजन करून १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये २४ तास वाळवा आणि पुन्हा वजन करा. तव्यावर भाजू नका, सेंद्रिय भाग जळतो आणि तेवढं पाणी जास्त दिसतं. काटा निदान १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा.

काळ्या मातीचं उदाहरण घेऊ. ओलं वजन १६८ ग्रॅम, कोरडं १२२. पाणी ४६ ग्रॅम, म्हणजे ४६ घन सेंमी. ९८ ने भागलं की ४७ टक्के. मातीच्या दर १० सेंमीत ४७ मिमी पाणी. आता याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. १२२ भागिले ९८ म्हणजे १.२४, ही मातीची घनता. घट्ट खनिजाची घनता २.६५ धरली तर मातीत पोकळी ५३ टक्के. त्यातले ४७ पाण्याने भरलेले, हवेला उरले ६. मुळांना श्वासासाठी निदान १० टक्के हवा लागते. म्हणजे तीन दिवस निचरा होऊनही या जमिनीत खरा वाफसा आलेला नाही. काळीत जास्त पाण्याने तूर आणि सोयाबीन पिवळी पडते ती अशी, मुळं गुदमरून. त्यावर युरिया टाकून उपयोग नाही, चर काढून पाणी बाहेर घालवावं लागतं किंवा पेरणीच रुंद सरी-वरंब्यावर करावी लागते.

रोजच्या कामाला हात पुरतो. १५ सेंमी खालची मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे, औत घाला. पडून चपटा झाला तर थांबा. अशा ओलीत ट्रॅक्टर घातला की वर ढेकळं होतात आणि खाली घट्ट थर बसतो, जो मोडायला पुढे दोन-तीन हंगाम जातात. गोळाच झाला नाही तर पाण्याची वेळ निघून चालली आहे.

पाचवं काम : पाणी किती वेगाने मुरतं

२०-३० सेंमी व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा १० सेंमी जमिनीत ठोका. आत प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर पाणी ओता आणि मग कागद ओढून घ्या. थेट ओतलं तर वरची माती ढवळून भोकं बुजतात. पहिलं पाणी पूर्ण मुरू द्या. पुन्हा भरा आणि दर १५ मिनिटांनी पातळी किती मिमी उतरली ते लिहा. सलग तीन नोंदी सारख्या आल्या की तो तुमचा मुरण्याचा वेग.

भारी चिकणीत तासाला १ ते ५ मिमी, मध्यम जमिनीत ५ ते २०, वाळूमिश्रित पोयट्यात २० ते ३०, वाळूत त्याहून जास्त. तुषार संच तासाला १० मिमी फेकत असेल आणि जमीन ४ मिमीच पीत असेल तर उरलेलं बांधाकडे वाहणार. तिथे लहान तोटी बसवा किंवा संच थांबवत थांबवत चालवा. ही चाचणी भेगाळलेल्या काळीत एप्रिल-मे महिन्यांत करू नका. पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि वेग वाळूपेक्षाही जास्त दिसतो.

यातलं काय बदलता येतं

वाळू, पोयटा आणि चिकण यांचं प्रमाण खत घालून बदलत नाही. हलक्या जमिनीत ते बदलण्याचा एकच खरा मार्ग म्हणजे तलावातला गाळ. किती लागतो ते आधी कागदावर मांडा. १ एकरावर ५ सेंमी थर म्हणजे सुमारे २०२ घनमीटर, साधारण ७१ ब्रास. १५ सेंमी घालायचं म्हटलं तर २१४ ब्रास. दहा-वीस ब्रास पसरून फरक का पडला नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे. ५ सेंमी चांगला चिकण गाळ नीट मिसळला तर प्रत्येक पावसामागे साधारण ९ मिमी, म्हणजे एकरी ३६,००० लिटर पाणी जास्त साठतं. गाळ उन्हाळ्यात पसरा, उन्हात तडकू द्या आणि वरच्या १५-२० सेंमी मातीत नांगराने मिसळा. नुसता वर ठेवला तर बारीक मातीखाली एकदम भरड मुरूम येतो. बारीक पोकळ्यांतलं पाणी मोठ्या पोकळ्यांत उतरायला तयार नसतं, ते सीमेवर अडकतं आणि वर चिखल होतो. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घातल्याने निचरा सुधारत नाही तोही याच कारणाने. गाळ आणण्याआधी त्याचा सामू (pH) आणि क्षारता तपासून घ्या, कारण खारट गाळ एकदा पसरला की परत उचलता येत नाही.

सेंद्रिय कर्बाबद्दल अवास्तव दावे फिरतात, त्यांना भुलू नका. कर्ब ०.४ वरून १.४ टक्के झाला, म्हणजे पूर्ण १ टक्क्याने वाढला, तर पिकाला मिळणारं पाणी सरासरी आकारमानाच्या १.१६ टक्क्यांच्या आसपास वाढतं. वरच्या १५ सेंमीत ते पावणेदोन मिमी, एकरी सुमारे सात हजार लिटर. तेवढा कर्ब वाढायला बरीच वर्षं लागतात. शेणखत आणि हिरवळीच्या खताचा मोठा फायदा वेगळा आहे. माती दाणेदार होते, पावसाचं पाणी वाहून जाण्याऐवजी आत जातं आणि मुळं खोल उतरतात. टाकी फारशी वाढत नाही, पण भरते पूर्ण आणि वापरलीही पूर्ण जाते. वाळूच्या जमिनीत हा फायदा सर्वांत जास्त, भारी काळीत साठवणीच्या बाबतीत सर्वांत कमी.

बाष्पीभवन रोखणं मात्र याच हंगामात हाती आहे. एकरी २ टन काड किंवा भुसा ओळींमध्ये पसरा. उसाचं पाचट जाळू नका, एकरी ३-४ टन आच्छादन त्यातूनच मिळतं. रब्बी ज्वारीत कोळपणीला ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ म्हणतात ते भेगांमुळे. पेरणीनंतर ३ आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने तण काढायचं. ५ आठवड्यांनी पासाच्या कोळप्याने भेगा बुजवायच्या. ८ आठवड्यांनी जमीन टणक होते, पास आत शिरत नाही, तेव्हा दातेरी कोळपं. उघडी भेग खोलवरची ओल बाहेर काढत राहते आणि भुसभुशीत मातीने भरलेली भेग ती धरून ठेवते. दुसरी कोळपणी चुकली की पुढची भरून काढत नाही.

पाणी साचतं पण मुरत नाही, अशी जमीन

मातीत चिकण फार नसूनही पाणी दिवसेंदिवस वर उभं राहत असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम चढून घट्ट, झाली असण्याची शक्यता आहे. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अति पाण्याने अशा बऱ्याच जमिनी बिघडल्या आहेत. ओळखायला वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा आणि ग्लास हलवू नका. ढेकूळ विरघळलं पण पाणी स्वच्छ राहिलं तर मातीत सेंद्रिय पदार्थ कमी आहेत. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही निवळलं नाही तर चिकणीवर सोडियम चढलं आहे. असे कण सुटे होऊन पोकळ्या बुजवतात. मग वाळूचं प्रमाण कितीही असो, पाणी आत जात नाही.

अशा मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि सामू, क्षारता व विनिमययोग्य (चिकणीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम तिन्ही तपासून घ्या. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम लागतं. किती, ते तपासणीच्या आकड्यावरूनच ठरवा, शेजाऱ्याच्या मात्रेवरून नको. त्याआधी शेताच्या खालच्या अंगाला निचऱ्याचा चर खणून त्याला बाहेर वाट करून द्या. जिप्सममुळे सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेलं पाहिजे. चर नसेल तर ते तिथेच राहतं, म्हणून आधी चर आणि मग जिप्सम.